विश्लेषण : हजार रुपयांच्या शिष्यवृत्तीसाठी हजाराचा खर्च? पेण-रोह्यातल्या मुलांचे पैसे नेमके कुठे अडतात

शाळेच्या खर्चासाठी सरकार जी मदत देतं, ती आता ‘थेट खात्यात’ येते. डीबीटी, आधार लिंक, केवायसी हे शब्द वाड्यावस्त्यांवरही पोहोचलेत. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली आणि ज्या घरात कधी बँकेचं पासबुक नव्हतं, तिथेही आईच्या नावाचं आधारशी जोडलेलं खातं तयार झालं. मग त्याच घरातल्या तिसरीतल्या मुलीचे वर्षाचे हजार रुपये का येत नाहीत?

याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर असं : योजना ऑनलाइन झाली, पण आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचं काम सरकारकडून कुटुंबाकडे सरकलं. ज्यांच्याकडे कागद आहेत, स्मार्टफोन आहे आणि एक दिवस मोकळा आहे, त्यांना त्याचं काही वाटत नाही. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या डोंगरातल्या वाड्यांवर मात्र हे काम मदतीच्या रकमेपेक्षा महाग पडू शकतं. कसं ते पाहू.

आधी पैसे किती आहेत ते बघू

पहिली ते दहावीच्या मुलांसाठी एक मोठी योजना नाही, बऱ्याच लहान लहान योजना आहेत, आणि प्रत्येकीची उत्पन्नाची अट वेगळी.

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात न राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘सुवर्ण महोत्सवी आदिवासी पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती’ आहे. राज्याच्या पन्नाशीच्या निमित्तानं ती सुरू झाली. पहिली ते चौथीसाठी वर्षाला १,००० रुपये, पाचवी ते सातवीसाठी १,५००, त्यापुढे २,०००. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८ हजार. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि विमुक्त-भटक्या जमातींतल्या मुलींना पाचवी ते सातवीसाठी महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी महिना १०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. म्हणजे वर्षाला ६०० किंवा १,०००. अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती जरा बरी आहे : घरून शाळेत जाणाऱ्यांना वर्षाला ३,५००, वसतिगृहात राहणाऱ्यांना ७,०००. तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख.

आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस शिष्यवृत्ती यात सगळ्यांत मोठी. नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, उत्पन्नमर्यादा साडेतीन लाख. पण ती परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी आणि ठरावीक कोट्यातच. खासगी शाळेतल्या आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी आर्थिक दुर्बल गटातून अर्ज करायचा तर उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं.

आणि एक योजना अशीही आहे जिचं नाव काढलं की आजही लोकांना खोटं वाटतं. १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता ठेवला गेला : दिवसाला एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तीस वर्षं उलटली तरी रुपयाचा दीड रुपया झाला नाही. हा रुपया खात्यात टाकायला मात्र पूर्ण खातं लागतं.

हजार रुपये मिळवायला किती खर्च येतो?

एक साधा हिशेब करू. समजा, पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची मुलगी तिसरीत आहे. तिला सुवर्ण महोत्सवीचे १,००० रुपये मिळायला हवेत.

उत्पन्नाचा दाखला लागेल. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे दरवर्षी नवा. ‘आपले सरकार’ केंद्रावर या दाखल्याचं शुल्क पूर्वी ३३ रुपये ६० पैसे होतं. २०२५ मध्ये राज्यानं सेवाशुल्क २० वरून ५० रुपये केलं आणि कर-बिर धरून ते ६९ झालं. आता दिवसांचं बघा. एक दिवस केंद्र आणि तलाठ्याकडे (पदाचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहे, लोक अजून तलाठीच म्हणतात). एक दिवस बँकेत. एक दिवस मुलीच्या आधारचे ठसे अपडेट करायला. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये धरला, तर तीन दिवसांची बुडालेली मजुरी ९३६ रुपये. त्यात ६९ मिळवा. झाले १,००५.

यात प्रवासाचं भाडं धरलेलं नाही. जातीचा दाखला नसेल तर त्याचं शुल्क आणि त्याच्या खेपाही धरलेल्या नाहीत. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदारानं वरचे शंभर मागितले तर तेही नाहीत. सगळं एकाच फेरीत होईल असंही धरलंय, जे सहसा होत नाही.

दोन-तीन मुलं असतील आणि दाखला एकच लागत असेल तर गणित थोडं सुधारतं, हे खरं. पण त्यातून एक गोष्ट दिसते. एखाद्या आईनं ‘राहू दे’ म्हटलं तर तो अडाणीपणा नाही, तिनं हिशेब केलेला असतो. ‘जनजागृतीचा अभाव’ हे सरकारी अहवालांतलं आवडतं कारण इथे फारसं लागू पडत नाही.

पेण आणि रोह्यातच हे जास्त का जाणवतं?

दोन्ही तालुके मुंबईच्या हाताशी आहेत. पेणचे गणपती जगभर जातात, रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी आहे, नागोठण्याला मोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे, मुंबई-गोवा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही इथून जातात. कागदावर हा मागास भाग वाटतच नाही. पण महामार्ग सोडून आत वळलं की कातकरी आणि ठाकर समाजाच्या वाड्या लागतात. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीत विशेष दुर्बल आदिवासी जमात आहे. महाराष्ट्रात अशा तीनच : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

कातकरी कुटुंबांचं वर्ष शाळेच्या वर्षाशी जुळत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. म्हणजे त्रुटी दुरुस्त करून अर्ज पुन्हा पाठवण्याची वेळ येते तेव्हा अनेकदा घराला कुलूप असतं. ‘तुमच्या अर्जात त्रुटी आहे’ हा मेसेज ज्या नंबरवर जातो, ते सिम भट्टीवर गेल्यावर रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं. आधारला तोच नंबर जोडलेला असेल तर ओटीपीही तिथेच जातो.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर १९५० च्या आधीपासून कुटुंब इथलं असल्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती, ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, त्यांनी १९५० चा कागद कुठून आणायचा? अशा कुटुंबांसाठी स्थानिक चौकशी करून दाखला देण्याची सोय आहे, आणि रायगडमध्ये शिबिरं घेऊन असे दाखले दिलेही गेलेत. पण शिबिर झालं तेव्हा कुटुंब भट्टीवर असेल तर पुढच्या शिबिराची वाट बघायची.

तिसरी गोष्ट अंतराची. आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय पेणला आहे आणि ते संपूर्ण रायगडचं काम बघतं. पेणच्या माणसाला ते सोयीचं. रोह्याच्या डोंगरातल्या माणसाला आधी रोहा, मग तिथून पेण. ऑनलाइनमुळे ही खेप वाचायला हवी होती. अर्ज सुरळीत गेला तर वाचतेही. अडला की मात्र जुन्या काळासारखंच कार्यालय गाठावं लागतं, फक्त आता टेबलामागचा माणूस म्हणतो, ‘सिस्टीम घेत नाही.’

धाटाव परिसरात कंत्राटी कामासाठी परराज्यातून आलेल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच आहे. त्यांच्या मूळ राज्यातला जातीचा दाखला इथल्या राज्य योजनांना चालत नाही. त्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत बसतात, पुस्तकं मिळतात, जेवण मिळतं, शिष्यवृत्ती नाही.

१ जून आणि १ जानेवारी

ग्रामीण महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेल्यांची संख्या थक्क करणारी आहे. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पहिलीत नाव घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख आईवडिलांना सांगता आली नाही की गुरुजी वय जुळेल असा १ जून लिहायचे. आता आधारची पद्धत बघा. नोंदणीच्या वेळी जन्मतारखेचा कागद नसेल आणि अंदाजे वय सांगितलं, तर तिथे १ जानेवारी धरली जाते.

म्हणजे एकाच मुलाची शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक तारीख आणि आधारवर दुसरी. दोन्ही अंदाजपंचे, दोन्ही सरकारी. माणसानं बघितलं तर त्याला कळेल की मूल तेच आहे. पोर्टलला कळत नाही. नावाचंही तसंच : इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ए’ कमी-जास्त झाला, वडिलांचं नाव मागेपुढे झालं की पडताळणी फसते.

मग दुरुस्ती करा, असं सांगितलं जातं. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलता येते आणि तिला जन्माचा दाखला लागतो. घरी किंवा भट्टीवर जन्मलेल्या मुलांची जन्मनोंदच नसते. एक वर्षापेक्षा जास्त उशीर झालेली नोंद करायची तर प्रकरण तहसीलदारांकडे जातं. त्यातच राज्याच्या काही भागांत बनावट दाखल्यांचे आरोप झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं अशा उशिराच्या नोंदींचं काम थांबवलं. मार्चमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण नव्या आणि कडक कार्यपद्धतीसह. बनावट दाखले रोखायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण त्याची झळ अशा मुलांपर्यंत येते ज्यांचा त्या आरोपांशी काडीचा संबंध नाही.

आधारबद्दल आणखी एक गोष्ट पालकांना कोणी नीट सांगत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं आधार काढताना बोटांचे ठसे घेत नाहीत. ते पाच वर्षं पूर्ण झाल्यावर द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. सातव्या वर्षापर्यंत पहिलं अपडेट झालं नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकतं. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात हे मोफतच होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका वर्षासाठी सात ते पंधरा वयाच्या मुलांनाही शुल्क माफ केलंय. कोणी पैसे मागितले तर हे लक्षात असू द्या.

खातं लिंक आहे, तरी पैसे का येत नाहीत?

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो.

‘खात्याला आधार लिंक आहे का?’ असं विचारलं की बँक ‘हो’ म्हणते. त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेतली आहे. सरकारी पैसे यायला वेगळी गोष्ट लागते. त्याला सीडिंग म्हणतात. एनपीसीआय या संस्थेकडे एक यादी असते, तिला मॅपर म्हणतात. कोणत्या आधार नंबरचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे, हे त्या यादीत असतं. सरकार पैसे पाठवताना अनेक योजनांत खाते क्रमांक बघतच नाही, आधार नंबर बघतं. त्या नंबरसमोर यादीत जी बँक असेल तिथे पैसे जातात. एका आधारसमोर एका वेळी एकच बँक, आणि शेवटी जिथे सीडिंग झालं ती.

यातून दोन प्रकार घडतात. मुलाचं खातं आहे, पण सीडिंग नाही, म्हणून पैसे परत जातात. किंवा सीडिंग दुसऱ्याच खात्याला आहे, जे कधीतरी एखाद्या शिबिरात उघडलं होतं आणि घरच्यांना आठवतही नाही. पैसे तिथे जाऊन पडतात. शाळा म्हणते पाठवले, बँक म्हणते आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलत असतात. आपल्या आधारसमोर कोणती बँक आहे हे यूआयडीएआयच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. अर्थात, तिथेही ओटीपी लागतो.

आईचं ‘लाडकी बहीण’चं खातं इथे आपोआप कामी येत नाही. आईच्या आधारसमोर तिची बँक असते. शिष्यवृत्तीसाठी मुलाचा आधार दिला असेल तर पैसे मुलाच्याच आधारसमोरची बँक शोधतात. घरात एक चालू खातं असूनही तीन मुलांची आणखी तीन खाती काढावी लागतात, ती यामुळे. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत मुलाचं खातं वयाच्या दहाव्या वर्षानंतर उघडता येतं, पोस्टमन ते गावातही उघडून देतो. चौथीपर्यंतच्या लहान मुलांना त्याचा उपयोग नाही. त्यांना पालकासह दुसऱ्या बँकेत जावं लागतं.

मग प्रश्न येतो वर्षातून एकदा हजार रुपये येणारं खातं जिवंत ठेवण्याचा. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँका खातं निष्क्रिय करतात. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिल्लक खात्यांना हा नियम लावू नये आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापू नये, असं रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितलंय. १ एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. पासबुकात कसली तरी वजावट दिसली तर या परिपत्रकाचा हवाला देऊन शाखेत लेखी अर्ज करा. तोंडी सांगून उपयोग होत नाही.

पेणच्या बाबतीत बँक या शब्दाला थोडा इतिहासही आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. छोट्या दुकानदारांपासून मूर्तिकारांपर्यंत अनेकांची बचत त्यात होती. ‘पैसे खात्यातच सुरक्षित’ हे वाक्य इथे सरसकट पटत नाही, आणि त्याचा दोष लोकांना देता येणार नाही.

हे आधीही करून पाहिलं होतं

गणवेशाची गोष्ट अनेकांना आठवत असेल. २०१७-१८ मध्ये राज्यानं ठरवलं की गणवेश वाटायचे नाहीत, दोन गणवेशांचे ४०० रुपये खात्यात द्यायचे. पालकांनी आधी गणवेश विकत घ्यायचे, पावती शाळेत द्यायची, मग विद्यार्थी आणि आईच्या संयुक्त खात्यात पैसे येणार. चारशे रुपयांसाठी खातं उघडायला बँका का-कू करत होत्या, किमान शिल्लक मागत होत्या. ज्यांना उधारीवर गणवेश मिळाला नाही त्यांची मुलं जुन्या कपड्यांत शाळेत गेली. पुढच्याच वर्षी पैसे पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले.

आश्रमशाळांमध्येही त्याच सुमारास साबण-तेलापासून गणवेश-वह्यांपर्यंतच्या वस्तूंऐवजी रोख रक्कम सुरू झाली : पहिली ते चौथीला ७,५००, पाचवी ते नववीला ८,५००, दहावी ते बारावीला ९,५००. त्यामागे कारण होतं. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ मधल्या खरेदीतल्या घोटाळ्यांची न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड समितीनं चौकशी केली होती आणि जे बाहेर आलं ते भयंकर होतं. ठेकेदार कापायचा तर थेट मुलाला पैसे द्या, हा विचार चुकीचा नव्हता. पण २०१८ मध्ये वसतिगृहातल्या जेवणाचेही पैसे खात्यात देण्याचा निर्णय झाला तेव्हा आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांचं म्हणणं सोपं होतं : पैसे उशिरा आले तर त्या दिवशी जेवायचं काय?

दुसरं टोकही पाहून झालंय. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून सगळं वरून केंद्रीय पद्धतीनं द्यायचं ठरलं. कापड उशिरा आलं, मापं चुकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेले. खात्यातून देऊन पाहिलं, मंत्रालयातून देऊन पाहिलं, दोन्ही वेळा गाडी शाळेपाशीच परत आली. एवढं तरी लक्षात घ्यायला हरकत नाही.

मग काय पोहोचतं?

आठवीपर्यंतची मोफत पाठ्यपुस्तकं पोहोचतात. शाळेतलं जेवण पोहोचतं. या दोन्हींसाठी पालकाला ना दाखला लागतो ना ओटीपी. मूल शाळेत आहे, एवढाच पुरावा.

आणखी एक ताजं उदाहरण एसटीच्या पासचं आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो. पूर्वी पाससाठी आगारात रांग लावावी लागायची. मग महामंडळानं ‘एसटी पास थेट शाळेत’ ही मोहीम घेतली. मुख्याध्यापक यादी देतात, कर्मचारी शाळेत येऊन पास देतात. पोर्टल बंद झालं नाही, संगणक काढून टाकले नाहीत. फक्त चालायचं कोणी, हे बदललं. रोह्याच्या आतल्या गावातून तालुक्याला शिकायला येणाऱ्या मुलीसाठी या पासची वर्षभरातली किंमत सहाशे रुपयांच्या शिष्यवृत्तीपेक्षा कितीतरी जास्त असते.

शिष्यवृत्तीला हेच का लागू होऊ नये? मुलाचं नाव, जात, हजेरी शाळेकडे आहेच आणि यूडायसच्या नोंदीतून सरकारकडेही. उत्पन्नाचं म्हणाल तर विशेष दुर्बल जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय कार्ड द्यावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. म्हणजे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेनं ज्या कुटुंबाला ‘गरिबातलं गरीब’ म्हणून पिवळं कार्ड दिलं, त्याच कुटुंबाला त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खिडकीवर आपण गरीब असल्याचा दाखला दरवर्षी ६९ रुपये भरून काढावा लागतो. दोन शाखांचे संगणक एकमेकांशी बोलले तर हा दाखला लागणारच नाही. डिजिटल कारभाराचा खरा उपयोग तिथे आहे, फॉर्म भरून घेण्यात नाही.

पीएम-जनमन आणि ‘धरती आबा’ अभियानांतून वाड्यांवर आधार, जातीचे दाखले आणि खात्यांची शिबिरं झाली आहेत, तो मार्ग बरोबर आहे. ती पावसाळ्यात, कुटुंबं घरी असताना आणि शाळेतच घेतली, तर निम्मं काम होईल असं मला वाटतं. उरलेलं निम्मं मुख्याध्यापकांवर टाकून भागणार नाही. दोन शिक्षकी शाळेत एक जण ऑनलाइन माहिती भरत बसला की एक वर्ग रिकामा असतो.

पैसे अडलेत, आता काय करायचं?

पहिल्यांदा शाळेत जा आणि अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारा : शाळेच्या लॉगिनला, तालुक्याला, प्रकल्प कार्यालयाला की पैसे सुटून परत आलेत. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. पैसे परत आले असतील तर अडचण सीडिंगची आहे, बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा फॉर्म भरून द्या आणि पोच घ्या.

जात किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. हे मुद्रांक शुल्क राज्यानं कधीच माफ केलंय आणि २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी ते पुन्हा जाहीर केलं. साध्या कागदावर चालतं. कोणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर नकार द्या.

मुलाकडे आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात हे स्पष्ट केलंय, आणि काही कारणानं आधार क्रमांक देता येत नसेल तर मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असंही म्हटलंय. इतर कागदांवर ओळख पटवून घ्यायची असते. निकाल पोर्टलपर्यंत पोहोचला नाही हा भाग वेगळा, पण लेखी अर्जात त्याचा उल्लेख करता येतो.

दाखला मुदतीत मिळत नसेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवस. त्या आत दाखला नाही किंवा नाकारल्याचं लेखी कारणही नाही, तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, आणि तिसरं राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करायला अर्जाची पावती लागते, त्यामुळे केंद्रावर पैसे भरल्यावर छापील पावती मागून घ्या आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.